दोन्ही आकडे

रामचंद्र नारायण बडगुजर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वॉटर बाथमध्ये माठातलं पाणी ओतत होते. मे महिना होता, ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी अमळनेरहून एसटीने धुळ्याला आले होते. हातात लॅब टेक्निशियनचं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात असा समज की आता शिकायचं काही उरलेलं नाही. धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर दोन खोल्यांची लॅब होती. आत शिरले तर एक सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ थर्मामीटर डोळ्यांशी धरून तांब्याने पाणी घालत होते. मी विचारलं, "बडगुजर साहेब कुठे भेटतील?" वर न बघता ते म्हणाले, "साहेब लोक वरच्या मजल्यावर बसतात. इथे मी असतो. सदतीस होऊ दे, मग बोलू."

लिव्हरच्या तपासणीतल्या नळ्या शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवायच्या असतात. पुस्तकात त्यासाठी पाणी तापवायला सांगितलं आहे. धुळ्याच्या मे महिन्यात मात्र खोलीच चाळिशी ओलांडून बसलेली असायची आणि पाणी गार करावं लागायचं. मी तसं आश्चर्य बोलून दाखवल्यावर नाना म्हणाले, "पुस्तक लिहिणारा धुळ्याला आला नसेल." ही आमची पहिली ओळख. त्यात त्यांनी माझं नाव विचारलं नाही आणि प्रमाणपत्रही पाहिलं नाही. नळ्या धुवायला दिल्या, आणि मी धुतलेल्यांपैकी निम्म्या परत धुवायला लावल्या.

नानांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज जळगावात आहेत, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आहेत, थेट पिंपळनेरपर्यंत आहेत. त्यांनी पुष्कळ चांगलं लिहिलं असेल, आणि ते खरंही असेल. समितीचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन नानांच्याच घरी गेले. मला एक गोष्ट लिहायची होती आणि ती त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं दिसलं नसतं. नानांनी पत्र वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "लिही. पण लिहायचं तर दोन्ही लिही." त्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. तो सांगण्यासाठीच हा लेख आहे. समारंभाला शोभेल असा तो नाही, याची मला कल्पना आहे.

ज्यांचा लॅबशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. लिव्हरच्या पेशींमध्ये काही एन्झाइमं असतात. त्यातलं एक एसजीपीटी. पेशी धडधाकट असली की ते आतच राहतं, रक्तात फारसं सापडत नाही. कावीळ झाली, पेशी फुटू लागल्या, की ते रक्तात सांडतं आणि आकडा चढतो. चाळिसाच्या आत असायचा तो शेकड्यांत, कधी हजारांत जातो. दुसरा आकडा बिलिरुबिनचा. डोळे, लघवी पिवळी करणारं ते हेच. लिव्हर ते बाहेर टाकेनासं झालं की रक्तात साचत जातं. कावीळ झालेल्याच्या कागदावर हे दोन आकडे शेजारीशेजारी असतात. आज यंत्रात नळी ठेवली की दोन्ही छापून बाहेर येतात. तेव्हा एसजीपीटीला निम्मा दिवस लागायचा. रसायन मोजून घ्या, त्यात सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, घाला, बरोबर अर्धा तास सदतीस अंशांत ठेवा, मग आणखी दोन रसायनं, आणि शेवटी नळीत तपकिरी रंग उतरला की तो यंत्रावर वाचा. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं. एकतीस झाली तर नाना ती नळी मोरीत ओतून टाकत आणि पहिल्यापासून करायला लावत. कोणाचं रक्त होतं, किती घाईचं होतं, हे ते विचारत नसत.

मोजण्याचं काम पिपेटने चालायचं. पिपेट म्हणजे खुणा केलेली बारीक काचेची नळी. तिचं एक टोक सीरममध्ये बुडवायचं, दुसरं ओठांत धरायचं आणि सरबत ओढावं तसं ओढायचं. खुणेला आलं की बोटाने बंद करायचं. आता कोणाला सांगितलं तर अंगावर काटा येतो. तेव्हा सगळीकडे तसंच चालत होतं. वरच्या टोकाला कापसाचा बोळा घालायचा, हीच काय ती काळजी. तरीही कधी लक्ष चुकलं की सीरम तोंडात यायचं. थुंकायचं, चूळ भरायची, पुढची नळी घ्यायची.

लॅबमध्ये आम्ही तिघी मुली होतो. पण काविळीच्या रुग्णाचं पिवळंजर्द सीरम आलं की नाना ती नळी आमच्या हातून काढून घेत. "हे मी ओढतो. तुम्ही शुगर करा." वर्षभर हे पाहून मला राग येऊ लागला. हिमोग्लोबिन आमच्याकडे, लघवी आमच्याकडे, नळ्या धुणं तर आमच्याकडेच, आणि जिथे खरं कसब लागतं ते काम नाना स्वतःकडे ठेवतात. मुलींच्या हातांवर त्यांचा भरवसा नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. नानांना तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. त्यामुळे तो राग तसाच आत मुरत राहिला.

नानांचा दुसरा नियम खिडकीचा. लॅबला व्हरांड्याकडे उघडणारी गजांची खिडकी होती. नातेवाईक तिथे येऊन उभे राहत. रिपोर्टाचं बंद पाकीट डॉक्टरांच्या नावाने द्यायचं, तोंडाने आकडा सांगायचा नाही. एकदा रुग्णालयाचे एक विश्वस्त, गावातले मोठे कापड व्यापारी, स्वतःच्याच रिपोर्टाचा आकडा विचारायला आले. नानांनी त्यांनाही पाकीटच दिलं. "मी इथला ट्रस्टी आहे," असं शेठजींनी चढ्या आवाजात सांगितलं. नाना म्हणाले, "खिडकीच्या त्या बाजूला सगळे पेशंटच असतात." शेठजी तावातावाने वर गेले. पुढे काही झालं नाही, पण आठवडाभर आम्हीच जीव मुठीत धरून काम करत होतो.

आता मूळ गोष्ट. मी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता गावोगावी काविळीची साथ आली. साक्री रस्त्यावर, नेरच्या पुढे आत एक गाव आहे. तिथले पोस्टमन, सगळे त्यांना आबा म्हणत, आपल्या मुलीला घेऊन आले. शोभा तिचं नाव. लग्नाला दीड वर्ष झालेलं, सातवा महिना लागलेला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. डोळे हळदीसारखे झाले होते. गरोदर बाईची कावीळ वाईट, हे डॉक्टर बोलत नसले तरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. शोभाचा पहिला एसजीपीटी बाराशेच्या वर निघाला. आकडा इतका मोठा की नानांना सीरम दहापट पातळ करून पुन्हा करावं लागलं.

आबा रोज सकाळी खिडकीशी यायचे. खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेली, टोपी काढून हातात धरलेली. आयुष्यभर लोकांची बंद पाकिटं त्यांनी पोचवली होती. आमचं पाकीटही ते तसंच नेत, उजेडाकडे धरूनसुद्धा बघत नसत. पण विचारल्याशिवाय राहवत नसे. "ताई, आज कितलं उनं?" आकडा किती आला, एवढंच. मी म्हणायची, "आबा, डॉक्टर सांगतील." ते मान हलवून जिना चढायचे. तीन दिवस असं चाललं. एकदा ते एवढंच म्हणाले की जावयाचं पत्र आलं आहे, त्याला काय लिहावं ते समजत नाही.

चौथ्या दिवशी नाना लॅबमध्ये नव्हते. कॉस्टिक सोडा संपत आला होता आणि धुळ्यात शुद्ध मिळेना, म्हणून ते पहाटेच्या एसटीने जळगावला गेले होते. जाताना बजावून गेले होते की काविळीचे नमुने झाकून ठेवा, दुपारी येऊन मी करतो. मी ते ठेवले नाहीत. शोभाची नळी हातात घेतली, बोळा घट्ट बसवला आणि स्वतः ओढली. पाण्याचं तापमान तीनदा पाहिलं, घड्याळावर नजर ठेवली. तपकिरी रंग फिका उतरला तेव्हा मला खोटं वाटलं, म्हणून पुन्हा केलं. तोच आकडा आला. बाराशेच्या जागी चारशे. काम नेटकं झालं होतं, हे मी आजही सांगते. नानांनी पुढे तीच नळी तपासली आणि आकडा बरोबर निघाला. बिलिरुबिनही मीच केलं. ते अकराचं एकोणीस झालं होतं. तो आकडा मी माझ्याच हाताने वहीत लिहिला. पण माझं मन त्याच्यावर थांबलंच नाही. चार दिवस आम्ही सगळे एकाच आकड्याची वाट पाहत होतो आणि तो उतरला होता.

आबा खिडकीशी आले. मी पाकीट पुढे केलं आणि त्यांनी विचारायच्या आत बोलून गेले. "आबा, कमी व्हयनं. निम्म्यापेक्षा खाले उनं. आते काळजी करू नका." आबांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि गजांतून हात आत घालून माझ्या डोक्याला लावला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

डॉक्टरसाहेब तेव्हा ऑपरेशनमध्ये होते. आबांनी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं, नर्सला सांगितलं की लॅबमधल्या ताईंनी कमी झालं म्हणून सांगितलं आहे, आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही करून मुलीला घरी नेलं. आपल्याकडे काविळीला माळ घालतात. कसल्याशा काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात, ती माळ डोक्याभोवती बसवायची. ती सैल होत होत गळ्यात येते, मग खाली उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळ जाते असं लोक मानतात. आबांच्या गावी एक म्हातारी अक्का माळ घालायची. आबांचा हिशोब सरळ होता. मोठा भाग दवाखान्याने उतरवला, राहिलेला माळेने उतरेल, आणि पोर आपल्या आईजवळ राहील. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी मला म्हणावं. त्यांना आकडा मी दिला होता.

नाना तीनच्या सुमाराला आले. पिशवी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे आधी वही उघडली. मी शेजारी उभी होते, शाबासकीच्या अपेक्षेने. नानांचं बोट एसजीपीटीवर थांबलं, शेजारच्या रकान्यात सरकलं, आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी कुठे आहे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. नाना रागावले नाहीत. नळीला तडा गेला तरी खोली डोक्यावर घेणारे नाना एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेव्हाच समजलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

ते वर जाऊन डॉक्टरांशी बोलले आणि रुग्णालयाची मेटॅडोर घेऊन आले. मला म्हणाले, "बस." नेर मागे पडल्यावर समोर रस्त्याकडे पाहत त्यांनी सांगितलं, "माठ गळतो तोवर खाली ओल दिसते. माठ रिकामा झाला की जमीन कोरडी होते. म्हणून माठ भरला असं नसतं." मग थोड्या वेळाने, "पेशी फुटायच्या थांबल्या असत्या तर बिलिरुबिनही थांबलं असतं, सुनंदा. ते चढलंय. फुटायला पेशीच उरल्या नाहीत."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. ओट्यावर जावयाला लिहिलेलं पोस्टकार्ड एका कोपऱ्याने डबीखाली दाबून ठेवलेलं होतं, शाई सुकायला. आत खाटेवर शोभा निजली होती. कपाळावर माळ, अगदी घट्ट बसलेली. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. दोन रोजपासून झोप नव्हती तिले. आते झोप लागनी शे." नाना खाटेजवळ गेले आणि तिला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. तिने डोळे उघडले, पण आमच्याकडे पाहिलं नाही, आणि काहीतरी असंबद्ध पुटपुटून ते पुन्हा मिटले. नाना आबांना म्हणाले, "आबा, मी डॉक्टर नही. पन ही झोप नही. पोरले गाडीमा घाला, चला." आबा जागेवरून हलेनात. ते माझ्याकडे बघत होते. "पन ताईनी सांगं ना, कमी व्हयनं म्हनीसन." नानांनी तेव्हा त्यांना काही समजावलं नाही. खाटेचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला धरायला सांगितलं.

शोभा तिसऱ्या दिवशी गेली. मूलही गेलं.

दिवस झाल्यावर आबा खिडकीशी आले. रिपोर्ट नव्हता, पाकीट नव्हतं, तरी ते नेहमीच्या जागी उभे राहिले, टोपी हातात घेऊन. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "ताई, कमी व्हयनं व्हतं ना?" नाना मागून आले, मला बाजूला केलं नाही, शेजारी उभे राहिले. वही उघडून खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि ते पान आबांपुढे केलं. "आबा, दोन आकडे होते. एक उतरला, एक चढला. चढलेला वाईट होता. आम्ही तुम्हाला एकच सांगितला. आमची चूक झाली." ते 'आम्ही' म्हणाले. त्या दिवशी ते जळगावला होते, हे त्यांनी सांगितलं नाही. आबा बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही सांगतात तर मी पोरले आठेन हालू देतू नही." पोरीला इथून हलू दिलं नसतं, एवढंच बोलून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

मी राजीनामा लिहिला. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की ती मुलगी इथेच राहिली असती तरी वाचण्याची आशा फार कमी होती, मनाला लावून घेऊ नकोस. त्या वाक्याला धरून मी नानांकडे गेले. त्यांनीही तसंच म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नाना म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ते खरं असेल. नसेलही. आपल्याला माहीत नाही. माहीत नसलेलं आपण लिहीत नाही, तर धरून तरी कसं बसायचं?" माझा कागद त्यांनी वाचला आणि परत दिला. "सकाळी आठला ये. काविळीचे पाच नमुने आहेत. ते मीच ओढणार, पण तू शेजारी उभी राहा आणि दोन्ही रकाने मोठ्याने वाच." त्या वेळी मला ते निष्ठुर वाटले होते. इतर कोणी असतं तर पाठीवरून हात फिरवला असता, आणि मी बहुधा घरी जाऊन पुन्हा आलेच नसते.

त्या आठवड्यात नानांनी रिपोर्टाचे नवे कागद छापून घेतले. एसजीपीटी आणि बिलिरुबिन एकाच ओळीत, मध्ये रेघसुद्धा नाही. तुम्हा सगळ्यांना, जिथे कुठे असाल तिथे, आठवत असेल की नाना नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत, "खिडकीत आकडा सांगायचा नाही. कधी सांगावाच लागला तर एकटा सांगायचा नाही." का, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. बारा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. आज मीच सांगते आहे.

नानांच्या चांगुलपणाचे प्रसंग पुष्कळ आहेत. माझ्या लग्नात ते आदल्या दिवशी अमळनेरला येऊन मांडवात खुर्च्या लावत होते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा महिनाभर माझी रविवारची पाळी त्यांनी केली आणि वहीत माझीच हजेरी मांडली. याबद्दल आभार मानले तर ते चष्मा पुसायला घेत. पण मला त्यांचं जे ऋण वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं.

नव्वदीच्या दशकात पिपेटला लावायचे रबरी फुगे आले, हातमोजे आले, आणि मग हेपटायटिस बीची लस आली. लस देण्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. नानांचं मीच तपासलं. आजार त्यांच्या रक्तात होता, आणि आजचा कालचा नव्हता. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "कधीचा असेल." जणू कपाटात जुनी छत्री सापडावी. मग माझ्या लक्षात आलं. पिवळ्या नळ्या. "हे मी ओढतो. तुम्ही शुगर करा." मी त्यांना विचारलं, "तुम्हाला धोका माहीत होता?" म्हणाले, "थोडाफार. जळगावच्या एका टेक्निशियनला असंच झालं होतं." "मग आम्हाला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुम्ही भ्याला असता. सुई धरणारा भ्याला की हात हलतो." मग चष्मा पुसत, "आणि तुमची लग्नं व्हायची होती." मी आठ-नऊ वर्षं ज्याचा राग केला ते हे होतं. त्या दिवशी मी लॅबच्या मागे जाऊन रडले. आबांच्या वेळी मला रडू आलं नव्हतं.

नाना दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लॅबची जबाबदारी आता माझ्याकडे आहे, खिडकी तीच आहे. दर तीन महिन्यांनी ते रक्त द्यायला येतात, रांगेत उभे राहतात, आत बोलावलं तर येत नाहीत. गेल्या महिन्यात आले तेव्हा अंगावरचा शर्ट एका मापाने मोठा झालेला होता. दुपारी ते रिपोर्टासाठी गजांपाशी उभे राहिले. मी पाकीट पुढे केलं. नानांनी ते घेतलं नाही. "किती आलं?"

मी म्हटलं, "नाना, डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर सांगतीलच. तू सांग."

एसजीपीटी अडतीस होता. बऱ्याच वर्षांत प्रथमच चाळिसाच्या आत आला होता. मागे उभे असलेले ओळखीचे एक गृहस्थ तो ऐकून म्हणाले असते, वा नाना, झाले की नॉर्मल. माझ्याही जिभेवर तो एकच आकडा होता. इतक्या वर्षांनीसुद्धा होता. मी खिडकीचा गज धरला आणि एका दमात वाचलं. "एसजीपीटी अडतीस. बिलिरुबिन चार पूर्णांक सहा. मागच्या खेपेला तीन होतं." नानांनी डोळे मिटून ऐकलं, पूर्वी मी वहीतले रकाने वाचायची तेव्हा ऐकायचे तसंच. मग म्हणाले, "बरोबर वाचलंस." पाकीट घेऊन खिशात घातलं आणि बाजूला सरकले, कारण मागच्या माणसाला आपला रिपोर्ट हवा होता.

नानांनी 'दोन्ही लिही' म्हटलं, म्हणून हेही लिहिलं. समितीच्या पत्रात लेखाचा समारोप निरोगी दीर्घायुष्याच्या शुभेच्छांनी करावा अशी सूचना आहे. 'निरोगी' मी लिहीत नाही. लिहिलं तर नाना स्वतः लाल शाईने खोडतील. उरलेला शब्द मात्र मी ठेवणार आहे, आणि तो एकटाच ठेवणार आहे. शेजारचा रकाना मला पाठ आहे, पण या एका कागदावर तो मी भरणार नाही. नाना, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो. नियम मोडल्याबद्दल तुम्ही मला रागावाल. खुशाल रागवा. त्यासाठी तीन महिन्यांनी खिडकीशी या, आणि मग त्याच्या पुढच्या तीन महिन्यांनी.